आये, तुझा पेपर मी फोडला

आये, तू पास झालीस त्या दिवशी मी वॉर्डात पेढे वाटले होते. पाव किलो. तुझ्या खाटेच्या दोन्ही बाजूंच्या बायांना दिले, शांता सिस्टरला दिला, आणि चष्मेवाल्या डॉक्टरांच्या हातावर ठेवला तेव्हा ते बिचारे संकोचले. "अहो बाई, पेढे कशाला? ही काय परीक्षा होती का?" मी नुसती हसले. मनात म्हटलं, तुम्हाला काय माहीत साहेब, परीक्षाच होती, आणि माझ्या हाताखालचं पोर आजवर तपासणीत नापास झालेलं नाही.

तुझा तेरावा होऊन आज चार दिवस झाले. किसनदादा आणि वहिनी काल कोपरगावला परत गेले. निघताना दादा उंबऱ्यात थांबला. "कुसुम, एक विचारू?" म्हणाला, आणि मग पिशवी उचलून न विचारताच गेला. त्याला काय विचारायचं होतं ते मला ठाऊक आहे. त्याच्या तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही, म्हणून तुला सांगते. मध्ये बोलू नकोस. जन्मभर माझं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाहीस, आता तरी ऐकून घे.

हे दवाखान्यात सुरू झालं नव्हतं. आपल्या घरात सुरू झालं होतं, आणि मी ते झाकलं. गेल्या श्रावणात शेजारच्या हिराचं दुसरं बाळंतपण तू केलंस. तुझ्या हातांना काही झालं नव्हतं, ते तिळभर चुकले नाहीत. नाळ बांधली, कापली, पोर पुसून हिराच्या कुशीत दिलंस आणि ओट्यावर येऊन बसलीस. बसल्या बसल्या मला विचारलंस, "काय झालं गं हिराला?" मी म्हटलं, पोरगा. जरा वेळानं पुन्हा, "काय झालं हिराला?" चहाची बशी तोंडाला लावता लावता तिसऱ्यांदा. बाया हसल्या, म्हातारी थट्टा करतीय म्हणाल्या. मीही हसले. घरी येऊन मात्र दार लावून घेतलं आणि चुलीपुढं नुसती बसून राहिले.

मग भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, नाहीतर पडेचना. मग तू कुणी न बोलावता खुंटीवरची तुझी पिशवी काढून निघायला लागलीस. दोरा, हळद, एरंडेलाची बाटली, धुतलेली फडकी, सगळं जागच्या जागी. "वरच्या आळीला बोलावनं आलंय," म्हणायचीस. वरच्या आळीला ज्या पोराच्या वेळी बोलावणं आलं होतं ते पोर आता फौजेत आहे. मी तुला कोपऱ्यावरून वळवून आणायची. शेवटी शाळेत जाताना मी दाराला बाहेरून कडी घालायला लागले. हे दादाला कधी कळू दिलं नाही. गावालाही नाही. हिरा तेवढी मधल्या सुट्टीच्या सुमाराला कडी काढून तुला डोकावून जायची.

कार्तिकात तुझी छाती भरली. ताप उतरेना, दम पुरेना झाला तेव्हा नगरच्या दवाखान्यात आणलं. दवाखान्याचं नाव घेत नाही, त्यांचा यात कणभर दोष नाही. उलट त्यांनीच जे विचारायचं ते विचारलं. ते डॉक्टर नवे होते, अंगावरचा कोट अजून कडक होता. साठीच्या पुढचं कुणी भरती झालं की ते खाटेजवळ स्टूल ओढून बसायचे आणि दहा प्रश्न विचारायचे. नाव काय. वय किती. आत्ता आपण कुठे आहात, खाट कितवी. आज वार कोणता, महिना कोणता, साल कोणतं. दिल्लीच्या गादीवर कोण आहे. विसापासून एकपर्यंत उलटं मोजा. आणि सुरुवातीला तीन शब्द सांगायचे, लिंबू, कुलूप, बैल, ते शेवटी पुन्हा विचारायचे. पाच मिनिटांचं काम. कागदावर खुणा करायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे.

पहिल्या खेपेला तुला दोन आले. नाव आणि दिल्लीची बाई. वय विचारलं तर म्हणालीस, "माझी सुईन मेली, आता कुनाला इचारू?" अख्खा वॉर्ड हसला. डॉक्टरही हसले, पण खूण चुकीचीच केली. मला राग आला. अर्ध्या गावाची वयं जिच्या बोटांवर आहेत तिला हा माणूस वय विचारतो आणि चूक देतो!

आपलं जुनं भांडण मला तिथंच आठवलं. माझ्या दाखल्यावर जन्मतारीख एक जून. गावातल्या निम्म्या लोकांची एक जून, कारण मास्तरांना तेच सोपं. मी शाळेत बाई झाल्यावर मीही पोरांना तीच तारीख लावत आले आणि तू माझ्या अंगावर धावून यायचीस. "अगं, माझ्या हातनं पोर आखाडात जन्मलं न् तू जून लावतीस? आन् तू सोता माघातली. थंडी अशी हुती का तुला शेगडीपाशी ठिवली हुती चार रोज." मग तिथी सांग ना, मी म्हणायची. "सांगीन की. पळून चाललीय व्हय तिथी?" दर वर्षी हेच. परवा माघ लागला, आये. पंधरा दिवस सुद अन् पंधरा दिवस वद, त्यातली माझी कुठली ते आता या जगात कुणालाच माहीत नाही. तिथी पळून गेली बघ.

दवाखान्यात दादा आला त्या रविवारी डॉक्टरांनी आम्हा दोघांना व्हरांड्यात बोलावलं. समजावून सांगितलं, अगदी पहिलीच्या पोराला सांगावं तसं. तापात माणूस गोंधळतो, म्हणून ताप गेल्यावर, उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी पुन्हा विचारीन. तेव्हाही उत्तरं आली नाहीत तर स्मृतीचा आजार धरायचा. मग आजींना घरी एकटं ठेवायचं नाही, दिवसभर कुणीतरी जवळ पाहिजे. "शहाणं कोण, वेडं कोण, हे मला ठरवायचं नाही," ते म्हणाले. "घरी पाठवताना बरोबर कोण पाहिजे, एवढंच ठरवायचंय. थर्मामीटर लावतो तसंच हे." दादा लगेच म्हणाला, "मग मी नेतो आईला. साखर कारखान्याच्या चाळीत माणसं आहेत, तुझी वहिनी दिवसभर घरी असते. तुझी शाळा. तू कशी बघणार?"

तू खाटेवरून सगळं ऐकत होतीस. त्या दिवशी तुझं डोकं लख्ख होतं. दादा गेल्यावर माझा पदर धरलास. "कुसमे, मला कोपरगावला धाडू नको. तिथं माझ्या हातनं जन्मलेलं येक पोर न्हाई. मला कोन वळखील तिथं?"

मी तुला वचन दिलं. तुझ्यासाठी दिलं असं मी आजवर स्वतःला सांगत आले. आज खरं सांगते. निम्मं माझ्यासाठी दिलं. तू गेलीस की त्या घरात मी एकटी. आणि तुझ्याजवळ दिवसभर बसायचं तर शाळा सोडायची. नवऱ्यानं टाकून दिलेल्या बाईला शाळा काय असते ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार? तीच तर तू मला दिली होतीस. मी माहेरी परत आले तेव्हा शेजारणी गळ्यात पडून रडत होत्या, तू त्यांना हाकलून काढलंस आणि माझ्यापुढं पाटी ठेवलीस. सातवी फायनलच्या परीक्षेला तूच माझा अभ्यास घेतलास. अक्षर ओळखीचं नाही, पुस्तक उलटं धरलेलं, पण मी म्हणताना जरा अडखळले की लगेच, "चुकलं. पयल्यापासनं." नाही म्हणायची सोय नव्हती. सगळं पहिल्यापासून म्हणायचं, म्हणजे अडलेलं आपोआप तोंडात येतं, ही तुझी युक्ती. मी पास झाले ती तिच्यावर.

तर मग मी दुसरं काय करणार होते? तपासणीला साहेब यायचे असले की आम्ही मास्तरलोक काय करतो? पोरांकडून घोकून घेतो. साहेब कुठले प्रश्न विचारतात ते शेजारच्या शाळेतून आधीच कळलेलं असतं. इथं तर शेजारच्या खाटांवरून कळत होतं, कारण डॉक्टर सगळ्यांना तेच दहा विचारायचे, तेच लिंबू, तेच कुलूप, तोच बैल. पेपर फुटलेलाच होता. मला फक्त तो तुझ्याकडून पाठ करून घ्यायचा होता.

सात दिवस. सकाळची फेरी यायच्या आधी एकदा आणि दुपारी एकदा. पहिले दोन दिवस तुझ्या डोक्यात काही ठरेना. खाट नंबर सांगितला की वार जायचा, वार आला की साल जायचं. मी चिडले. मी तुला रागावले, आये, सगळ्या वॉर्डादेखत, "किती वेळा सांगायचं?" म्हणून. तू लहान पोरासारखे हात मागे घेतलेस. हे मला रोज आठवतं. तिसऱ्या दिवशी तूच वाट काढलीस. जात्यावर बसल्यासारखी हलायला लागलीस आणि माझी उत्तरं ओवीच्या चालीवर म्हणायला लागलीस:

नाव माझं भागीरथी, वय माझं अडुसष्ट,
खाट माझी अकरा गं, वॉर्ड नंबर तीन,
आली मी नगराला, दवाखान्यामंदी,
सोमवार, मार्गशीर्ष, साल गं बहात्तर.

खालच्या आवाजात, गोड. शेजारच्या खाटेवरची म्हातारीसुद्धा म्हणायला लागली. मी एवढी खूष झाले की काय सांगू. शांता सिस्टर औषधाचा ट्रे घेऊन उभी राहून ऐकत होती. ती हसली नाही. "बाई, शाळेत पेपर फोडला तर पोरगं वरच्या वर्गात जातं," ती म्हणाली. "तुमची आई पास होऊन कुठं जाणार?" मला तिचा संताप आला. हिला काय करायचंय नसत्या चौकश्या!

सोमवार उजाडला. डॉक्टर स्टुलावर बसले आणि मी त्यांच्या पाठीमागे उभी राहिले, वर्गात साहेबांच्या मागे उभी राहते तशी. आणि त्या माणसानं क्रम बदलला! आधी साल विचारलं. तुझा चेहरा कोरा झाला. मी ओठ हलवले, तू माझ्याकडे पाहिलंच नाहीस. मग तू डोळे मिटलेस आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागलीस. पहिल्यापासून. नाव, वय, खाट, वॉर्ड... डॉक्टरांना वाटलं देवाचं नाव घेतेय. ते थांबले. किती सभ्य माणूस, केवढा थांबला! "...साल गं बहात्तर," तू शेवटी मोठ्यानं म्हणालीस. त्यांनी खूण केली. मग खाट नंबर. पुन्हा पहिल्यापासून. मग महिना. प्रत्येक उत्तराला तू अख्खी ओवी चालून जात होतीस आणि मी श्वास धरून तुझ्या मागे मागे. लिंबू आलं, कुलूप आलं, बैल आला. उलटं मोजताना बारावर अडकलीस. दहापैकी आठ आणि वर काहीतरी.

झालं असं वाटलं तेवढ्यात त्यांनी कागद खाली ठेवला आणि गप्पा मारल्यासारखं विचारलं, "आजी, तुम्ही सुईण ना? शेवटचं बाळंतपण कुणाचं केलंत?"

हा प्रश्न पेपरात नव्हता. पण तुझा चेहरा उजळला. जराही न थांबता सांगितलंस, "आमच्या शेजारचीचं की. परवाच. पोरगी झाली. नाव हिरा ठिवायचं म्हनत्यात."

हिरा पंचवीस वर्षांची आहे, आये. तिला दोन पोरं आहेत. धाकट्याची नाळ तूच कापलीस.

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बरोबर आहे का बाई?"

एवढाच वेळ होता. मी नाही म्हटलं असतं तर दादा तुला कोपरगावला घेऊन गेला असता. तिथं तू रुसली असतीस, वहिनीशी भांडली असतीस, मला शिव्या घातल्या असत्यास. पण कुणीतरी दिवसभर तुझ्याजवळ बसलं असतं. मी म्हटलं, "हो, बरोबर आहे."

आणि मग मी पेढे आणायला गेले. शांता सिस्टरनं तिचा पेढा खाल्ला नाही, कागदात गुंडाळून खिशात ठेवला. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवसांनी एकदा दाखवायला आणा, पुन्हा विचारतो. मी हो म्हटलं. पंधरा दिवसांनी शाळेची तपासणी होती. गेले नाही.

सगळ्यात वाईट काय झालं सांगू? माझं खोटं मलाच खरं वाटायला लागलं. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी मी कडीला हात घातला तर तू आतून ओरडलीस, "कडी कशाला? डागदरांनी पास केलंय न्हवं मला? का मी येडी हाय?" मी कडी सोडून दिली. मार्गशीर्ष गेला, पौष लागला, तू ओट्यावर बसून असायचीस, हिराच्या धाकट्याला खेळवायचीस, आणि मधूनच तुझी ओवी म्हणायचीस. सगळं विसरलीस, ओवी तेवढी विसरली नाहीस. मला बरंच वाटायचं.

दुष्काळाचं साल. आपल्या विहिरीचा तळ दिसत होता. निम्मं गाव सडकेच्या कामावर खडी फोडायला जात होतं, हिरासुद्धा जायला लागली. त्या गुरुवारी ती कामावर होती आणि मी शाळेत. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन, म्हणून पोरांकडून सव्वीस जानेवारीची भाषणं पाठ करून घेत उशिरापर्यंत थांबले होते. घोकून घेत होते, आये! घरी आले तर दार सताड उघडं, आणि खुंटीवर पिशवी नाही.

गुरुवारची संध्याकाळ आणि शुक्रवारचा अख्खा दिवस आम्ही तुला शोधलं. वरची आळी, मळे, वस्त्या, ओढा. प्रत्येक विहिरीवर जाऊन वाकून पाहायचं. कोरड्या विहिरींचा त्या दिवशी मला आधार वाटला. नगरला कुणीतरी बघून यावं, असं एकाच्याही मनात आलं नाही. कशाला येईल?

तू कुठं गेली होतीस ते मी नंतर स्वतः त्या सडकेवर जाऊन विचारून आले. दोन कोस चालत गेली होतीस, पिशवी काखेत धरून. तिथं पलीकडच्या तालुक्यातली माणसं खडी फोडत होती, तुला ओळखणारं कुणी नव्हतं. मुकादम भला माणूस. त्यानं तुला पाणी दिलं, भाकरी दिली. मला सांगताना त्याचे डोळे भरून आले होते. "बाई, आमी इचारलं, आजी कुठली तू? तर म्हातारी जरा गुनगुनली आन् पोपटावानी सांगितलं. नाव भागीरथी, वय अडुसष्ट, नगरच्या दवाखान्यात, वॉर्ड तीन, खाट अकरा. आज सोमवार म्हनली, तेवढं चुकलं. पर दवाखान्यात वार कुनाला कळतोय? आमी म्हनलं, दवाखान्यातनं चुकून भाईर पडली आसंल. येडी आसती तर हितंच बसवून ठिवली आसती आन् गावोगाव इचारलं आसतं. पर ही तर लई शानी हुती."

लई शानी हुती. तू बरळली असतीस, रडली असतीस, नुसती गप्प बसली असतीस, तरी संध्याकाळपर्यंत घरी आली असतीस. तुला माझ्या उत्तरांनी नेलं.

खडीचा रिकामा ट्रक नगरला निघाला होता. पुढं ड्रायव्हरशेजारी जागा नव्हती, म्हणून तुला मागं हौद्यात बसवलं, अंगावर दोन गोणपाटं घातली. पौषातला वारा आणि तुझी ती छाती. दिवे लागायच्या वेळेला त्यांनी तुला दवाखान्याच्या दारात नीट उतरवून दिलं. तू कुणाला न विचारता वॉर्ड तीनमध्ये गेलीस. खाट अकरावर दुसरी बाई होती, तापानं आजारी. तू तिच्या पायाशी बसलीस आणि तिच्या पोटावर हात फिरवत म्हणालीस, "घाबरू नको, येळ हाय अजून." शांता सिस्टरनं तुला तसं पाहिलं आणि तिला सगळं एका क्षणात कळलं म्हणे. डॉक्टरांनी तुला लगेच भरती केलं. सिस्टरनं शुक्रवारी सकाळी एसटीच्या कंडक्टरबरोबर शाळेच्या पत्त्यावर चिठ्ठी धाडली. चिठ्ठी आली तेव्हा मी विहिरी बघत होते. शनिवारी सकाळी ती माझ्या हातात पडली.

मी पोचले तेव्हा तुझ्यावर चादर ओढलेली होती.

डॉक्टरांना मी तिथंच सगळं सांगितलं. ओवी, ओठ हलवणं, हिरा, सगळं. मला वाटलं, ते ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "तुमच्या आईला प्रत्येक प्रश्नाला एवढा वेळ का लागत होता, हे मी विचारायला हवं होतं, नाही का?" आपली चूक शोधत होता तो माणूस, माझी नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, थर्मामीटर गार पाण्यात बुडवून मी ताप उतरला म्हणाले."

मग शांता सिस्टर मला बाजूला घेऊन गेली. त्या दोन दिवसांत तिनं तुला ते प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले होते. तू दर वेळी डोळे मिटून ओवी म्हणायचीस आणि सांगायचीस, नगरच्या दवाखान्यात, वॉर्ड नंबर तीन. "आणि या वेळी ते बरोबरच होतं, बाई," ती म्हणाली. "मी काय बोलणार?"

शनिवारी सकाळी तुला श्वास पुरेना. तेव्हा तिनं कागदावर नसलेलं एक विचारलं. आजी, घरी कोण आहे? तू डोळे मिटले नाहीस. गुणगुणलीही नाहीस. सरळ तिच्याकडे बघून म्हणालीस, "लेक हाय माझी. साळंत गेलीय. साळा सुटली का येईल." आणि दाराकडे तोंड करून पडून राहिलीस.

हे मी तुला शिकवलेलं नव्हतं, आये.

शनिवारची शाळा सकाळची. ती साडेदहाला सुटते. तू अकरापर्यंत दाराकडे बघत होतीस. मी पोचले तेव्हा एक वाजला होता.